मुलाला काय येतं आणि मुलाला कसं वाटतं

माळशेज घाट चढून ओतूरकडे निघालं की वाटेत डिंगोरे लागतं. जून उजाडला की जुन्नरच्या या पट्ट्यात शिवारात पेरणीची घाई असते आणि शाळांत नव्या वह्यांची. जाणता शेतकरी पेरण्याआधी ओल किती खोल गेली ते पाहतो. चार बोटं माती उकरतो, मुठीत दाबतो, मगच पाभर धरतो. वर्षाच्या सुरुवातीला शाळेत होणारी पायाभूत चाचणी म्हणजे अशीच ओल पाहणं. मागच्या इयत्तेतलं किती मुरलंय, कुठे कोरडं राहिलंय, हे कळावं आणि त्याप्रमाणे शिकवावं, एवढाच तिचा हेतू.

घरी मात्र ही चाचणी परीक्षा होऊन पोहोचते. ‘किती मार्क पडले?’ हा पहिला प्रश्न. ‘शेजारच्याला किती?’ हा दुसरा. आणि मग महिन्याभरात मोठमोठे निर्णय होतात. मुलाला उर्दू शाळेतून काढून इंग्रजीत घातलं जातं. एखाद्याला ‘याचं डोकं अभ्यासात नाही’ म्हणून संध्याकाळी गॅरेजवर पाठवायला लागतात. मुलीच्या बाबतीत ‘तसंही हिला जमत नाही’ हे वाक्य पुढे सातवीनंतर घरी बसवण्याचं कारण बनतं. ज्या कागदाने शिक्षकाला वाट दाखवायची, तो कागद मुलाची वाट अडवून बसतो. म्हणून हा कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे प्रत्येक आई-वडिलांनी समजून घ्यायला हवं.

चाचणी कशासाठी असते

महाराष्ट्रात ‘पायाभूत चाचणी’ हा शब्द घराघरांत पोहोचला तो २०१५ साली. त्या वर्षी २२ जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासननिर्णय निघाला. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मूल कुठे आहे ते पाहायचं, नंतर संकलित चाचण्यांतून ते किती पुढे गेलं ते मोजायचं, असा त्याचा आराखडा होता. कोरोनात शाळा बंद पडल्या, तेव्हा १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला. मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायचं आणि टप्प्याटप्प्याने चाचणी घेऊन पाहायचं, अशी त्याची रचना होती. त्यानंतर २०२३-२४ मध्ये तिसरी ते आठवीसाठी प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीची पायाभूत चाचणी आणि पाठोपाठ संकलित १ आणि संकलित २ असा क्रम लागला.

याच सुमारास राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा आली. त्यामुळे पालकांच्या मनात दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली आहे. वार्षिक परीक्षेत पास-नापास असतं. पायाभूत चाचणीत ते नसतं. तिचे गुण पुढच्या वर्गात जाण्यासाठी धरले जात नाहीत.

पायाभूत चाचणीचा गुण एकटा वाचला तर फसवतो. समजा, एका मुलाला जुलैत १०० पैकी ३० पडले आणि वर्षअखेरीला ५५. दुसऱ्याला जुलैत ८० आणि शेवटी ८२. बक्षीस दुसऱ्याला मिळेल, पण वर्षभर शिकलं कोण? पहिल्याने पंचवीस गुणांची वाट चालून दाखवली. दुसरं मूल हुशार आहेच, पण त्याला वर्गाने यंदा फारसं काही दिलं नाही. पायाभूत चाचणीची किंमत अशी दोन टोकांमधलं अंतर पाहिल्यावरच कळते.

एक शब्द मात्र या चाचण्यांबरोबर आला आणि खोल रुतून बसला. ‘अप्रगत.’ तो कागदावर मदतीची गरज असलेल्या मुलांची यादी करायला वापरला गेला. पण यादी वर्गात वाचली गेली की मुलांच्या तोंडी ती शिवी होते. आठ वर्षांच्या पोराला एकदा ‘अप्रगत’ म्हटलं की ते शब्दाचा अर्थ विचारत नाही, बाकावरची जागा बदलतं. मागे जाऊन बसतं.

एकेका मुलाजवळ बसून

चाचणी घेण्याची दुसरी एक रीत महाराष्ट्रातच वाढली. १९९५ साली मुंबईत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. वस्त्यांमधल्या मुलांसोबत काम करता करता या लोकांनी एक साधं साधन घडवलं. एक कागद. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला शेजारी बसवायचं आणि वाचायला सांगायचं. गणितातही तसंच: एकअंकी संख्या ओळखणं, दोनअंकी ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मूल जिथे अडेल तिथून शिकवायला सुरुवात करायची, मग ते कोणत्याही इयत्तेत असो. २००५ पासून याच साधनाने ‘असर’ नावाची पाहणी देशभरातल्या खेड्यांत होते. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमावर अभ्यास करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. या दोघांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘असर’चे आकडे आपल्याला जमिनीवर आणतात. देशातल्या ग्रामीण भागात, सरकारी शाळांच्या तिसरीत, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. २०२४ मध्ये ती २३.४ टक्के झाली. सुधारणा खरी आहे. पण याचा अर्थ असाही की शंभरातली पाऊणशे मुलं अजून मागे आहेत. आपलं मूल त्यांत असेल तर ते एकटं नाही आणि ते ‘मठ्ठ’ तर मुळीच नाही. त्याला कुणी त्याच्या पायरीवर येऊन शिकवलेलं नाही, एवढंच.

लेखी चाचणी आणि शेजारी बसून घेतलेली चाचणी यांत फरक आहे. लेखी कागदावर उत्तर चुकलं एवढं दिसतं. शेजारी बसलं की का चुकलं ते दिसतं. आणि आपल्या घरांमधल्या मुलांसाठी हा ‘का’ फार महत्त्वाचा आहे.

‘शिल्लक’ म्हणजे काय?

डिंगोऱ्यासारख्या गावात राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबातलं मूल दोन-तीन भाषांत वाढतं. घरी दखनी, गल्लीत मराठी, मकतबमध्ये अरबी अक्षरं आणि उर्दू. ही श्रीमंती आहे. पण चाचणीच्या कागदावर ती कधी कधी गरिबीसारखी दिसते.

एक उदाहरण घेऊ. ‘टोपलीत ४५ पेरू होते. त्यांपैकी १८ विकले. किती शिल्लक राहिले?’ मराठी शाळेतल्या आपल्या एखाद्या मुलाने याचं उत्तर ६३ लिहिलं तर निष्कर्ष निघतो: वजाबाकी येत नाही. त्याच मुलाला जवळ घेऊन ‘पैंतालीस जाम थे, अठरा बिक गए, कित्ते बचे?’ असं विचारा. ओतूरच्या बाजारात अब्बांच्या हातगाडीवर सुट्टे पैसे परत देणारं पोर पटकन सत्तावीस म्हणतं. त्याला वजाबाकी येते. त्याला ‘शिल्लक’ आणि ‘त्यांपैकी’ हे दोन शब्द येत नाहीत. दोन्ही गोष्टींचा इलाज वेगळा आहे. पहिल्यासाठी महिनाभर गणित घोकावं लागलं असतं. दुसऱ्यासाठी आठवडाभर शब्दांचा खेळ पुरतो.

उर्दू माध्यमातून मराठीत आलेल्या मुलांचं तर याहून अवघड. अनेक ठिकाणी जवळची उर्दू शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि मूल मराठी वर्गात येतं. त्याने बेरीज शिकलेली असते ‘जमा’ म्हणून, वजाबाकी ‘तफरीक’ म्हणून, गुणाकार ‘जर्ब’, भागाकार ‘तक्सीम’. हातचा त्याच्या डोक्यात ‘हासिल’ असतो, त्रिकोण ‘मुसल्लस’ आणि अपूर्णांक ‘कसर’. बालभारती हेच गणित उर्दूतही छापते. त्यामुळे धडा तोच असतो, फक्त नावं बदललेली असतात. जून-जुलैत हे मूल पाचवीच्या किंवा आठवीच्या कागदासमोर बसतं, तेव्हा त्याची परीक्षा गणिताची होत नाही, तर नावांची होते. अशा मुलासाठी वर्गाच्या भिंतीवर दोन भाषांतल्या गणिती शब्दांचा एक तक्ता लावला तरी महिन्यात फरक पडतो. हा तक्ता करायला फार तर एक जुम्म्याची दुपार लागते. उर्दू वाचता येणारी एखादी आई किंवा मकतबचे मौलवीसाहेब तो करून देऊ शकतात.

वाचनाचंही तसंच. दखनी बोलणारं मूल ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतं, ‘पाणी’ला ‘पानी’. मराठीत तीन लिंगं आणि घरच्या बोलीत दोनच, म्हणून ‘ते झाड’ त्याच्या तोंडी ‘तो झाड’ होतं. ही वाचनातली कच्चाई नव्हे. अर्थ कळतो की नाही हे पाहायचं असेल तर गोष्ट वाचून झाल्यावर त्याला त्याच्या बोलीत सांगू द्यावी. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये, शक्य तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं, असं म्हटलं आहे. निदान त्याला काय येतं हे पाहताना तरी त्याच्या भाषेला दार उघडं हवं.

पक्षी मेला तेव्हा

मुलाला काय येतं, हे झालं. मुलाला कसं वाटतं, हा दुसरा अर्धा भाग. आणि इथे आपल्याकडे शिकवण आधीपासून आहे.

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची गोष्ट हदीसच्या ग्रंथांत आहे. अबू उमैर त्याचं लाडकं नाव. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता, तो मेला. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी आले. मूल उदास दिसलं, म्हणून त्यांनी चौकशी केली आणि मग त्या पोराशी त्याच्या पक्ष्याबद्दल बोलले. ज्यांच्या खांद्यावर अख्ख्या उम्मतीची जबाबदारी होती, त्यांना एका मुलाच्या मेलेल्या पाखराबद्दल विचारायला सवड होती. नमाजमध्ये तान्ह्या मुलाचं रडणं कानी आलं तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज थोडक्यात आटोपत, हेही आपण ऐकलेलं आहे. मुलाच्या मनाची विचारपूस ही कुठली नवी फॅशन नाही. आपण ती विसरलो आहोत.

आज शाळांत ज्याला मनःस्वास्थ्याची चाचपणी म्हणतात, ती हीच विचारपूस थोड्या शिस्तीने करते. २०२० साली केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. २०२२ च्या सुरुवातीला एनसीईआरटीच्या मनोदर्पण कक्षाने सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. २८ टक्के म्हणाले, प्रश्न विचारायला आम्ही कचरतो. म्हणजे दर चार मुलांतलं एक मूल समजलं नाही तरी गप्प बसतं. चाचणीत त्याचा कागद कोरा येतो आणि आपण म्हणतो, अभ्यास नाही केला.

जगभर यासाठी वापरली जाणारी एक प्रश्नावली ब्रिटनचे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडली. पंचवीस छोटी विधानं. मन उदास राहतं का, पोट किंवा डोकं वारंवार दुखतं का, चंचलपणा किती, मित्र आहेत का, दुसऱ्याला मदत करतं का. ती उर्दूतही उपलब्ध आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तिच्यात मुलाच्या अडचणींबरोबर त्याची चांगली बाजूही विचारलेली आहे. पण प्रश्नावली आजाराचं नाव सांगत नाही. तापमापीसारखी ती एवढंच सांगते की अंग गरम आहे, कुणा जाणत्याला दाखवा.

आपल्या भागातले प्रश्न मात्र छापील प्रश्नावलीत सापडत नाहीत. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या शिवारात बिबट्याचा वावर आहे. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. मळ्यातल्या वस्तीवर राहणारं मूल अंधार पडल्यावर अंगणात जायला घाबरतं, रात्री दचकून उठतं आणि सकाळी वर्गात पेंगतं. आंबेगावच्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. डोंगराच्या कुशीतल्या गावांतलं एखादं मूल मुसळधार पावसात शाळेत यायला नको म्हणत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी घरी या आठवणी कशा बोलल्या जातात ते विचारायला हवं.

आपल्या घरांतली काही कारणंही आहेत. फजरनंतर मकतब, मग शाळा, मगरिबनंतर पुन्हा सबक. त्यात लग्नकार्याचं जागरण झालं की नऊ-दहा वर्षांच्या मुलाची झोप सात तासांवर येते. दीन आणि दुनिया दोन्ही शिकवायचं हे खरंच. पण झोप कुठून काढायची हे आई-अब्बा आणि मौलवीसाहेबांनी एकत्र बसून ठरवावं. मुलाने ते एकट्याने निभावू नये. दुसरं, वर्गात नावावरून, टोपीवरून, डब्यावरून होणारी चेष्टा. मूल ती घरी सांगत नाही, कारण अब्बा शाळेत जाऊन भांडतील याची त्याला भीती असते. ते फक्त म्हणतं, ‘पेट दुखताय.’ आणि तिसरं, मुलींचं. सातवी-आठवीत महिन्यातले तीन-चार दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या हजेरीपटाकडे पाहिलं तर बहुधा तो शाळेतल्या स्वच्छतागृहाबद्दल बोलत असतो.

शाळेने काय सांभाळावं

मुलाला मनातलं विचारणं ही अमानत आहे. उत्तरं शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचली गेली, फळ्यावर यादी लागली, किंवा ‘तुझ्या घरी भांडणं होतात ना?’ असं चारचौघांत विचारलं गेलं, तर ते मूल पुन्हा कधीच खरं सांगणार नाही. विचारायचं असेल तर पुढे मदत करायची तयारी हवी. नुसते तक्ते भरून ऑनलाइन चढवले, तर शिक्षकाचा वेळही गेला आणि मुलाचा विश्वासही. शिक्षकांवर नोंदींचा बोजा मोठा आहे हे मी रोज पाहते. म्हणून पाच पानी फॉर्मपेक्षा प्रत्येक मुलाशी पंधरवड्यातून पाच मिनिटं बोलणं मला जास्त मोलाचं वाटतं. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदीची जागा आहे. तिथे ‘अभ्यासात लक्ष नाही’ असं लिहिण्याऐवजी ‘शब्दोदाहरण तोंडी सांगितलं तर सोडवतो’ असं लिहिलं तर पुढच्या वर्षीच्या गुरुजींना वाट सापडते.

शिक्षणहक्क कायद्याचं तेच कलम २९ सांगतं की मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडता यावं. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. मुलाला कसं वाटतं हे पाहणं शाळेची मेहेरबानी नाही, तिचं कर्तव्य आहे.

घरी करण्यासारखं

निकालाचा कागद हातात आला की शिक्षकांना तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाला यातलं काय पक्कं येतं? नेमकं कुठे अडतं? पुढच्या महिनाभरात तुम्ही काय करणार आणि आम्ही घरी काय करू? गुण किती हे शेवटी विचारा. शेजारच्याचे विचारूच नका.

घरी आठवड्यातून एकदा मुलाला शेजारी बसवा आणि दुसरीच्या पुस्तकातली एखादी गोष्ट मोठ्याने वाचायला सांगा. अडखळलं तर रागावू नका. तारीख टाकून वहीत एक ओळ लिहा. तीन महिन्यांनी मागची पानं चाळा. तुमच्या मुलाची खरी प्रगती तिथे दिसेल.

डोळे आणि कान आधी तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. फळा नीट न दिसणारं मूल वर्षभर ‘कच्चं’ ठरतं आणि चष्मा लागला की चार आठवड्यांत वर येतं.

रात्री जेवताना अभ्यासाऐवजी दोन गोष्टी विचारा. आज कुणासोबत खेळलास? आज वाईट वाटलं असं काही झालं का? उत्तर आलं की लगेच उपदेश करू नका. ऐकून घ्या.

दोन-तीन आठवडे मूल खात नसेल, झोपत नसेल, मित्र टाळत असेल, स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर थांबू नका. नजर उतरवून गप्प बसू नका. दुआही करा आणि दवाही करा. ‘लोक वेडा म्हणतील’ या भीतीने अनेक घरांनी वेळ घालवली आहे. टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर चाइल्डलाइनचा १०९८ आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारलं तर पुढची वाटही कळते.

मशिदीच्या जमातीनेही एक काम हाती घ्यावं. दर दोन महिन्यांनी, जुम्म्यानंतर, शाळेच्या शिक्षकांना बोलवावं आणि मुलांच्या शिकण्याबद्दल बोलावं. यात आया-बहिणींची बसण्याची सोय असावी, कारण मुलाचं पोट कधीपासून दुखतंय हे त्यांनाच ठाऊक असतं. मकतब, शाळा आणि घर हे तिघे एकमेकांशी बोलत नाहीत, तोवर मूल या तिघांच्या मधल्या फटीतून निसटत राहतं.

अल्लाहने प्रत्येक मुलाला वेगळी कुवत दिली आहे. ती कुठे आहे हे शोधायला चाचणी हवी, आणि ती फुलायला मूल निर्धास्त हवं. यंदा जुलै-ऑगस्टमध्ये पायाभूत चाचणीचा कागद घरी आला की त्यावरचा आकडा बघायच्या आधी मुलाच्या चेहऱ्याकडे बघा, आणि ‘किती पडले?’च्या जागी ‘अवघड काय गेलं?’ असं विचारा.